सुगंधी लाल गुलाब घरच्या बागेत: रोप निवडण्यापासून फूल खुडण्यापर्यंत

माझ्या पहिल्या लाल गुलाबाला वासच नव्हता. रोपवाटिकेत फुललेलं झाड दिसलं, त्या मखमली रंगाला भुलले आणि उचलून घरी आणलं. ऊन, पाणी, खत, कशातच कसूर केली नाही. झाड भरभरून फुललं, आणि मी वर्षभर प्रत्येक फुलाशी वाकून वास शोधत राहिले. खत बदलून पाहिलं, कुंडीची जागा बदलून पाहिली. फार उशिरा कळलं की त्या जातीत सुगंध नव्हताच, आणि जे जातीत नाही ते कुठल्याही खतातून येत नाही. आपण निगराणीने फक्त असलेला सुगंध खुलवू शकतो. म्हणून हा लेख मातीपासून नाही, जातीपासून सुरू होतो.

१. आधी जात पक्की करा, मग रोपवाटिकेची पायरी चढा

पुढे येणारे लाल गुलाब 'हायब्रिड टी' या वर्गातले आहेत. हायब्रिड टी म्हणजे एका लांब दांडीवर सहसा एकच मोठं फूल, टोकदार कळी आणि मधोमध उंच उठलेल्या पाकळ्या. या वर्गाची सुरुवात १८६७ साली फ्रान्समध्ये आलेल्या 'ला फ्रान्स' या गुलाबी फुलाच्या जातीपासून मानतात. पुढे लाल जातींची रांग लागली. फुलवाल्यांसाठी तयार झालेल्या बऱ्याच जातींमध्ये मात्र दांडी सरळ हवी, फूल प्रवासात टिकावं, फुलदाणीत खूप दिवस राहावं, यावर भर राहिला आणि वास मागे पडला. त्यामुळे दुकानातल्या गुच्छातला देखणा लाल गुलाब पाहून 'असंच झाड हवं' म्हणालात, तर बहुतेक वेळा बिनवासाचंच झाड घरी येईल.

हे नुसतं अनुभवाचं बोलणं नाही. २०१५ साली फ्रेंच संशोधकांनी 'पापा मेयाँ' ही सुगंधी जात आणि 'रूज मेयाँ' ही बिनवासाची जात शेजारी ठेवून तपासली. गुलाबाच्या वासात जिरॅनिऑल नावाचं द्रव्य महत्त्वाचं असतं. ते बनवायला लागणारं एक जनुक सुगंधी जातीच्या पाकळ्यांत जोमाने काम करत होतं, दुसरीच्या पाकळ्यांत जवळजवळ निपचित होतं. दिसायला दोन्ही लाल.

डोळे मिटून विश्वास ठेवावा अशी नावं थोडी आहेत, आणि गंमत म्हणजे ती एकाच कुटुंबातली आहेत:

- क्रिम्झन ग्लोरी (१९३५): कोर्डेस या जर्मन घराण्याची. दाट, जुन्या दमास्क गुलाबासारखा वास. मान नाजूक असल्याने फूल खाली झुकतं.
- क्रायस्लर इम्पीरियल (१९५२): क्रिम्झन ग्लोरीचं नातवंड. भरगच्च फूल, तीव्र वास. थंड, ओलसर हवेत भुरी (पांढऱ्या पावडरीसारखी बुरशी) लवकर धरते आणि जुनं झालेलं फूल जांभळट पडतं.
- पापा मेयाँ (१९६३): काळसर मखमली लाल. पाटीवर 'पापा मिलांड' असंही लिहिलेलं सापडतं. वासात मला हिच्या तोडीची दुसरी वाटत नाही, पण रोगाला हळवी आहे.
- मिस्टर लिंकन (१९६४): उंच, जोमदार, लांब दांडीची.
- ओक्लाहोमा (१९६४): सगळ्यांत गडद, कळी तर काळीच वाटते.

शेवटच्या तिन्ही जाती सख्ख्या भावंडांसारख्या आहेत. तिघींचे आईबाप एकच: क्रायस्लर इम्पीरियल आणि चार्ल्स मॅलरिन ही आणखी एक जात. नवख्या माणसाने पहिलं झाड मिस्टर लिंकनचं घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. चुका पोटात घालणारं झाड आहे. पापा मेयाँ दुसऱ्या वर्षी, हात बसल्यावर.

एक नाव मुद्दाम सांगते. 'इन्ग्रिड बर्गमन' (१९८४) ही लाल जात फार निरोगी आणि देखणी आहे, पण वास हलकाच. सुगंधासाठीच झाड लावत असाल तर ती घेऊन नंतर हिरमुसू नका.

२. रोप हातात घेऊन तपासा

बहुतेक हायब्रिड टी गुलाब डोळा भरून तयार करतात. खाली रानटी किंवा काटक गुलाबाचा खुंट आणि त्यावर आपल्या जातीचा एक डोळा, म्हणजे नवी फांदी फुटते तो बारीक कोंब. मातीच्या जरा वर खोडाला बोट लावून चाचपलंत की एक गाठीसारखा फुगवटा हाताला लागतो. तोच सांधा. त्याच्या वरून निघालेली फांदी तुमची, खालून निघालेली खुंटाची. ही गाठ ओळखता आली की गुलाबातले निम्मे घोटाळे टळतात.

रोप घेताना मी हे बघते: सांधा घट्ट भरून आला आहे का; त्याच्या वरून किमान दोन-तीन पेन्सिलीएवढ्या जाड काड्या निघाल्या आहेत का; काडीवर काळे-तपकिरी चट्टे आहेत का; पानं उलटी करून पाहिल्यावर बारीक जाळी किंवा हलणारे ठिपके दिसतात का. उंच, किडकिडीत, एकाच फांदीवर फूल मिरवणाऱ्या रोपापेक्षा बुटकं, जाड काड्यांचं, बिनफुलाचं रोप कधीही चांगलं.

फूल असेल तर वास जरूर घ्या, पण सकाळी आणि अर्धवट उमललेल्या फुलाचा. मिटलेल्या कळीला वास नसतो आणि दुपारच्या उन्हात उभ्या असलेल्या फुलाचा उडून गेलेला असतो. जातीच्या नावाची पाटी नसेल आणि विकणाराही नाव सांगू शकत नसेल, तर फक्त 'लाल गुलाब' म्हणून घेऊ नका. मी तेच केलं होतं.

३. हाताशी काय काय लागेल

- धारदार छाटणी कातरी, दोन पात्यांची. एका पात्याने चेपणारी कातरी काडी चेंगरते.
- कोपरापर्यंत येणारे जाड हातमोजे
- खुरपी, खोरं किंवा फावडं
- मुळाशी पाणी घालता येईल अशी झारी किंवा नळी
- कातरी पुसायला स्पिरिट आणि फडकं
- चांगलं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट, अंदाजे एक घमेलं प्रत्येक झाडाला
- आच्छादनासाठी पालापाचोळा, भुसा किंवा वाळलेलं गवत
- कुंडीत लावणार असाल तर किमान १४ ते १६ इंच रुंद आणि तेवढीच खोल कुंडी, तळाला मोकळी भोकं असलेली

४. जागा

रोज किमान सहा तास थेट ऊन. यात तडजोड केलीत तर पानं मिळतील, फुलं मिळणार नाहीत. त्यातही सकाळचं ऊन जास्त मोलाचं, कारण रात्रीच्या दवाने भिजलेली पानं ते लवकर सुकवतं आणि बुरशीला वेळ मिळत नाही.

गडद लाल जातींची एक वेगळी अडचण आहे. त्यांच्या पाकळ्या तापतात आणि कडा करपून काळ्या होतात. उन्हाळा कडक असेल तिथे दुपारनंतर थोडी सावली मिळेल अशी जागा निवडा. थंड प्रदेशात उलट दिवसभराचं ऊन द्या. भिंतीला अगदी चिकटून लावू नका. हवा खेळली पाहिजे. मात्र सतत वारं सुटणारी जागाही नको, वारा वास टिकू देत नाही. आणि झाड अशा ठिकाणी असू द्या की येता-जाता नाक तिथे पोचेल. सुगंधी गुलाब बागेच्या टोकाला लावून काय करायचं?

५. खड्डा आणि माती

साधारण ४५ सेंटिमीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्या. दोन झाडांत ७५ ते ९० सेंटिमीटर अंतर ठेवा. मिस्टर लिंकनसारख्या उंच जातीला जास्त.

लावण्याआधी खड्डा पाण्याने भरा. मुरल्यावर पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी दुसऱ्या दिवशीही साचलेलं दिसलं, तर तिथे गुलाब लावू नका, किंवा वाफा जमिनीपासून एक वीतभर उंच करा. गुलाबाला पाणी भरपूर लागतं, पण पाय पाण्यात बुडलेले त्याला सोसत नाहीत. तळाला खडी टाकून निचरा सुधारतो असं बरेचजण सांगतात. चिकणमातीत त्याचा उपयोग होत नाही, पाणी फक्त खडीत साचतं. कंपोस्ट मिसळून सगळी मातीच भुसभुशीत करणं हाच उपाय.

माती किंचित आम्ल हवी, सामू (पीएच) ६ ते ६.५ च्या आसपास. माती चुनखडीची असेल तर पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ती लोहाची कमतरता असते. माती लोह सोडत नाही म्हणून झाड उपाशी राहतं. अशा वेळी खत वाढवून उपयोग नाही, सेंद्रिय पदार्थ वाढवा.

कच्चं शेणखत कधीही घालू नका. ते मुळांपाशी कुजताना तापतं आणि कोवळी मुळं जळतात. हातात घेतल्यावर काळपट, भुसभुशीत आणि पावसाळी मातीसारखा वास असेल तरच ते तयार.

६. लावणी

पिशवीतलं रोप असेल तर आदल्या दिवशी पाणी द्या, पिशवी कापून काढा, मातीचा गोळा फुटू देऊ नका. मुळं गोल गोल गुंडाळलेली दिसली तर बोटांनी हलकेच सोडवा. उघड्या मुळांचं रोप आलं असेल तर लावण्याआधी मुळं काही तास पाण्यात बुडवून ठेवा.

सांधा कुठे ठेवायचा हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. जिथे जमीन गोठते तिथे सांधा दोन-तीन इंच मातीखाली, म्हणजे थंडीपासून डोळा वाचतो. जिथे हिवाळा सौम्य असतो तिथे मातीच्या दोन इंच वर. उबदार हवेत सांधा पुरला तर तिथे ओल धरून कुजण्याची भीती असते.

माती पायाने तुडवू नका, हाताने दाबा. झारीभर पाणी सावकाश सोडा, माती खाली बसली की वरून आणखी घाला. मग दोन-तीन इंच आच्छादन पसरा, पण खोडापासून चार बोटं अंतर सोडून.

७. पाणी: कमी वेळा, भरपूर

रोज वरवर शिंपडलेलं पाणी मुळांना वर बोलावतं, आणि वर आलेली मुळं पहिल्याच कडक उन्हात होरपळतात. जमिनीतल्या मोठ्या झाडाला एका वेळी आठ-दहा लिटर आणि मग माती दोन इंच खोल सुकेपर्यंत थांबणं. बोट मातीत खुपसून बघा, कॅलेंडर बघू नका. कुंडीतल्या झाडाला उन्हाळ्यात रोज लागेल.

पाणी मुळाशी, पानांवर नाही, आणि शक्यतो सकाळी. काळ्या ठिपक्यांच्या बुरशीला रुजण्यासाठी पान सलग सात-आठ तास ओलं राहावं लागतं. संध्याकाळी पानांवर पाणी मारलं की आपणच तिला रात्र देतो.

८. खत

यात लोक फार गुंततात. लावणीनंतर पहिला बहर येईपर्यंत काही देऊ नका. पुढे छाटणीनंतर आणि प्रत्येक बहर ओसरल्यावर कंपोस्ट किंवा संतुलित खत, ओल्या मातीत, खोडापासून वीतभर लांब. कोरड्या मातीत रासायनिक खत घातलं तर मुळं भाजतात. नत्र जास्त झालं की लुसलुशीत पालवी सुटते, मावा आणि भुरी तिच्यावरच तुटून पडतात. थंड प्रदेशात हिवाळ्याच्या दीड-दोन महिने आधी खत बंद करा, नाहीतर कोवळे फुटवे थंडीत मरतात. 'सुगंध वाढवणारं खत' म्हणून कुणी काही विकत असेल तर घेऊ नका.

९. छाटणी: हात थरथरतो, पण करा

मोठी छाटणी वर्षातून एकदा. थंड प्रदेशात हिवाळा सरताना, डोळे फुगायला लागले की. उष्ण प्रदेशात पाऊस संपून हवा थंडावायला लागली की. छाटणीनंतर हवेनुसार साधारण सहा ते आठ आठवड्यांत बहर येतो.

क्रम असा ठेवा. आधी मेलेल्या, काळवंडलेल्या काड्या जिवंत लाकडापर्यंत कापा. कापलेल्या जागी आतला गाभा पांढरा दिसला पाहिजे, तपकिरी दिसला तर आणखी खाली. मग एकमेकींवर घासणाऱ्या आणि झाडाच्या पोटात शिरणाऱ्या फांद्या. मग पेन्सिलीपेक्षा बारीक काटक्या. शेवटी उरलेल्या चार-पाच जोमदार काड्या निम्म्यापर्यंत खाली आणा. पहिल्या वर्षी इतकं कापू नका, एक तृतीयांश पुरे.

आता एकच काप जवळून पाहू. काडीवर बोट फिरवा. पान जिथे होतं तिथे एक आडवी रेघ आणि तिच्या वर तांदळाच्या कणीएवढा लालसर डोळा दिसेल. झाडाच्या बाहेरच्या बाजूला तोंड असलेला डोळा निवडा, कारण नवी फांदी त्याच दिशेला जाते. त्याच्या साधारण पाव इंच वर काप घ्या, डोळ्याच्या बाजूला उंच आणि पाठीमागे किंचित उतरता. फार वर कापलंत तर वरचा तुकडा वाळून मर खाली उतरते. फार जवळ कापलंत तर डोळाच सुकतो. कातरी प्रत्येक झाडानंतर स्पिरिटने पुसा.

फूल कोमेजलं की नुसतं फूल तोडून थांबू नका. दांडीवरून खाली येत पाच पर्णिकांचं (एका देठावर पाच छोटी पानं असलेलं), बाहेर तोंड असलेलं, भरलेलं पहिलं पान शोधा आणि त्याच्या वर कापा. तिथून पुढची कळी जोमदार येते. नव्या झाडावर मात्र दांडी शक्य तितकी आखूड तोडा, त्याला पानांची गरज असते. मोठं फूल हवं असेल तर मधल्या कळीच्या बाजूला आलेल्या छोट्या कळ्या वाटाण्याएवढ्या व्हायच्या आत नखाने खुडा.

आणि हा सापळा नीट लक्षात ठेवा. माझ्या दुसऱ्या झाडाला एका हंगामात खालून एक तरतरीत, सरळ, फिकट हिरवी फांदी आली. मला वाटलं झाड खुशीत आहे. तिला काठीचा आधारही दिला. दोन वर्षांत तिने झाड गिळलं. वरच्या काड्या एकेक करून वाळल्या आणि उरला फक्त खुंट. अशी फांदी दिसली की माती बाजूला करून ती कुठून निघाली आहे ते बघा. सांध्याच्या खालून असेल तर कातरीने कापू नका, कापली तर बुडाचे डोळे पुन्हा फुटतात. मुळापाशी घट्ट धरून खाली ओढून उपटून काढा. सात पर्णिका म्हणजे खुंटाची फांदी असं बरेचजण सांगतात, पण नुसत्या पर्णिका मोजून ठरवू नका. काही हायब्रिड टी जातींनाही सात पर्णिका येतात. सांध्याच्या वरून येणारा जाड, लालसर फुटवा मात्र जपा. पुढच्या वर्षांची फुलं त्याच्यावरच यायची असतात.

१०. रोग आणि किडी

काळे ठिपके: पानावर झालरीसारख्या कडेचे काळे डाग, मग पान पिवळं पडून गळतं. गळलेली पानं रोज उचला आणि कंपोस्टमध्ये टाकू नका.

भुरी: कोवळ्या पानांवर आणि कळीच्या मानेवर पांढरी पावडर. हिला ओलं पान लागत नाही; कोरडे दिवस आणि दमट रात्री पुरतात. पाण्यात विरघळणारं गंधक चांगलं काम करतं, पण पारा तिशीच्या वर असताना मारू नका, पानं भाजतात. निंबोळी तेल फवारल्यावर दोन आठवडे तरी गंधक नको.

मावा: कोवळ्या शेंड्यावर हिरवी गर्दी. पाण्याचा जोरदार फवारा दोन-तीन दिवस सकाळी मारला तर बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. लाल कोळी उष्ण, कोरड्या हवेत पानांच्या खाली जाळी करतो. त्यालाही पानांच्या खालून पाणी.

फुलकिडे: कळी उमलायच्या आधीच कडा तपकिरी, पाकळ्या वेड्यावाकड्या. उन्हाच्या करपण्याशी याची गल्लत होते. फूल पांढऱ्या कागदावर झटकून बघा, बारीक लांबट किडे पळताना दिसले तर फुलकिडे. अशी फुलं काढून नष्ट करा.

कुठलीही फवारणी संध्याकाळी, मधमाश्या परतल्यावर. जे फूल हुंगायचं किंवा खायचं त्यावर काहीच मारू नका.

११. फूल कधी खुडायचं

सुगंध पाकळ्यांच्या पृष्ठभागावरच्या पेशींतून बाहेर पडतो, म्हणून फूल पाव ते अर्धं उमललेलं असताना तो सर्वांत भरलेला असतो. दव सुकलं आहे, ऊन अजून चढलेलं नाही, वारा पडलेला आहे, अशी सकाळची वेळ निवडा. फुलावर अलगद गरम श्वास सोडा आणि मग वास घ्या. पाकळी जरा उबदार झाली की तो उठून येतो. पहिल्या बहरात वास फिका वाटला तर जातीवर शंका घेऊ नका. झाड रुजायचं असतं, हवाही कडक थंड किंवा फार कोरडी असू शकते. दुसऱ्या बहरानंतर ठरवा.

फुलदाणीसाठी बाहेरच्या एक-दोन पाकळ्या सुटायला लागलेली कळी घ्या. गडद लाल जाती अगदी मिटलेल्या तोडल्या तर मान टाकतात आणि उमलतच नाहीत. पाण्याची बादली सोबत न्या, दांडी लगेच बुडवा, घरात आणल्यावर पाण्याखाली धरूनच टोक पुन्हा तिरकं कापा, पाण्यात बुडणारी पानं काढून टाका आणि दोन तास सावलीत उभी ठेवा. मग खोलीत न्या. पाणी रोज बदला, आणि फुलदाणी पंख्याखाली ठेवू नका.